पासष्ट इंच

टेबलाच्या पश्चिमेकडच्या कडेपासून शेवटच्या पितळी खिळ्यापर्यंतचं अंतर एकोणऐंशी इंच भरलं. ल्यूसिलने पोलादी पट्टी उचलली, कडेला पुन्हा नीट टेकवली आणि दुसऱ्यांदा मोजलं. एकोणऐंशीच. ते पासष्ट असायला हवं होतं.

मग ती पूर्वेच्या टोकाला गेली आणि उलट बाजूने मोजलं. पासष्ट. दोन्हींची बेरीज एकशे चव्वेचाळीस, म्हणजे टेबलाची पूर्ण लांबी. मोजण्यात चूक नव्हती.

वही गुडघ्यावर ठेवून ती उकिडवी बसली. विचित्र आकडा आला की आधी तोंड बंद ठेवायचं आणि कारण शोधायचं, ही तिची तीस वर्षांची सवय. हॅडन विद्यापीठात माती तपासण्यात तिचा जन्म गेला होता, आणि मातीनेही तिला हेच शिकवलं होतं. पश्चिमेच्या टोकाला पसरलेल्या पांढऱ्या चादरीचा कोपरा तिने बोटभर वर केला. खाली फळीवर लंबगोल काळा डाग होता. आजोबांच्या गरम बिडाच्या कढईचा. तो डाग कायम हॅडनच्या टोकाला असतो. आणि हॅडनचं टोक पूर्वेला, पुलाच्या दिशेला.

टेबल उलटं लागलं होतं.

दरवर्षी ते बाबा लावायचे. पिकअप नदीच्या बाजूने मागे घ्यायची, टेबल सरळ खाली उतरवायचं, की ते आपोआप बरोबर बसायचं. बाबा एप्रिलमध्ये गेले. आज सकाळी ग्रेडी आणि डेल, म्हणजे तिचा भाऊ आणि मेहुणा, गाडी कुठून घ्यायची यावरून भांडले, ग्रेडीने स्टेडियमच्या बाजूने घातली, आणि टेबलाची दोन टोकं दोन शत्रूंनी धरून ते पिकॅनच्या झाडांखाली आणून ठेवलं. डाग चादरीखाली गेला. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"किती भरलं गं?" आईने खुर्चीतून विचारलं. ओपल प्रुइट चौऱ्याऐंशी वर्षांची होती. मॅकरी कॉलेजच्या नावाडी संघाची हिरवी शाल तिने हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती.

"थांब जरा, आई."

"त्यात थांबायचं काय? गेल्या वर्षी आम्ही हरलो. सहासष्टातून एक गेला. पासष्ट. एवढं तर मलाही येतं."

"हो. पासष्ट," ल्यूसिल म्हणाली. ते खरंच होतं. फक्त कुणाचे, ते तिने सांगितलं नाही. शेवटच्या खिळ्याच्या रेषेत तिने टेबलावर आडवी पांढरी फीत चिकटवली आणि फितीसमोर आपली खुर्ची ओढून घेतली.

एकोणीसशे एकोणसाठ साली बाबांनी, म्हणजे हॅडनच्या हॉलिस प्रुइटने, नदीपलीकडच्या मॅकरीच्या नावाड्याची मुलगी केली, तेव्हा नदीवर पूल होऊन तराफा बंद पडला होता. सासऱ्याने तराफ्याच्या फळ्यांचं टेबल करून लग्नात दिलं आणि अट घातली. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, दोन कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याआधी, दोन्ही घरांनी याच टेबलावर जेवायचं. मध्ये रेघ. जो हरेल त्याने पुढच्या वर्षी एक इंच सोडायचा. रेघेवर दर वर्षाचा एक खिळा, टेबलाच्या रुंदीत आधीच्या खिळ्यापासून अर्धा इंच पुढे. लग्न करून घरात आलेल्या प्रत्येकाने पहिल्याच वर्षी आपलं टोक निवडायचं, आणि ते मरेपर्यंत बदलायचं नाही.

ल्यूसिल दहा वर्षांची असताना बाबांनी तिला विचारलं होतं, "मग लू, तू हॅडनच्या खेचरांची की मॅकरीच्या नावाड्यांची?" एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आई, दोघं चेहऱ्यावर हसू ठेवून श्वास रोखून बसले होते. ती म्हणाली, "मी मोजते. मोजणाऱ्याने बाजू घ्यायची नसते." सगळे खो खो हसले. बाबांनी ही पोलादी पट्टी तिला तेव्हाच दिली. त्यानंतर सेहेचाळीस वर्षं ती बरोबर फितीवर बसत आली होती. अर्धं ताट इकडे, अर्धं तिकडे. रेघ सरकली की तिची खुर्ची सरकायची.

यंदा ती खुर्ची टोचत होती. हॅडनच्या नऊ जणांच्या विश्वस्त मंडळात प्राध्यापकांची प्रतिनिधी म्हणून ती निवडून गेली होती. सोमवारी सकाळी नऊ वाजता मंडळ ठरवणार होतं की मॅकरीशी होणारा हा सामना कायमचा बंद करायचा की नाही. चार जण बंद करा म्हणत होते, चार जण नको. पाच महिने ल्यूसिल काहीच बोलली नव्हती.

बारा वाजता सगळे जेवायला बसले. पश्चिमेला हिरवे, पूर्वेला गडद लाल. रात्रभर धुरावर शिजवलेलं डुकराचं मांस, मक्याचा पाव, मसाला भरलेली अंडी, खारवून उकडलेल्या शेंगा. दूर स्टेडियममागे मॅकरीच्या बँडचे ढोल घुमत होते.

"हे काय चाललंय?" ग्रेडी खुर्चीत अंग चोरत म्हणाला. एकोणसाठ वर्षांचा, रुंद खांद्यांचा माणूस, हॅडनच्या क्रीडा विभागाचा प्रमुख. त्याच्या एका कोपराशी बायको शेरिल, दुसऱ्याशी थोरला मुलगा, आणि मांडीवर ताट. "खुर्च्या जास्त आणल्यात का कुणी?"

"खुर्च्या तेवढ्याच आहेत," समोरून डेल म्हणाला. "पोट वाढलंय, मेहुणे. नऊ विजय पचवायचे म्हणजे जागा लागते."

"हसून घे. अजून अडीच तास आहेत तुला हसायला."

"अडीच तास? मी तर ऐकलं, तुमचं मंडळ सोमवारी आमचं हसणंच कायमचं बंद करणार आहे."

फितीच्या दोन्हीकडचे चमचे थांबले. ल्यूसिलची धाकटी बहीण रेनी हिने नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. "डेल. जेवताना नको म्हटलं होतं ना?"

"मग कधी? मंगळवारी? सामन्याच्या श्राद्धाला?"

ग्रेडीने ताट फितीच्या कडेला ठेवलं. "बोलूनच घेऊ. मला काही लपवायचं नाही. आम्ही ज्या नव्या, मोठ्या लीगमध्ये चाललोय, तिथे शेवटच्या शनिवारी आमच्यासमोर असा संघ असणार आहे, ज्याचं नाव अख्ख्या देशाला माहीत आहे. लाखभर माणूस बसेल. आणि इथे? अठरा हजार. नऊ वर्षं ओळीने आम्ही जिंकतोय, डेल. गेल्या वर्षी एकेचाळीस-दहा. वैराला तोडीस तोड माणूस लागतो. तुम्ही तोडीस तोड राहिला नाहीत. याला वैर म्हणत नाहीत, दया म्हणतात."

"दया?" डेलचा आवाज चढला. तो तालुक्याच्या शाळेत पोरांना फुटबॉल शिकवायचा आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असंच बोलायचा. "एक सांग. त्या लाखभर माणसांच्या संघाचं गाव इथून किती लांब?"

"सातशे मैल."

"सातशे मैलांवरच्या माणसाशी कसलं वैर करतोस? त्याला शिवी दिलीस तर सोमवारी तो तुला टायरच्या दुकानात भेटणार आहे का? त्याची पोरगी तुझ्या पोराच्या वर्गात आहे का? माझा दंतवैद्य हॅडनचा आहे. हरल्याच्या आठवड्यात मी त्याच्यासमोर तोंड उघडून पडलेलो असतो आणि तो नुसता हसतो. याला म्हणतात वैर!"

सगळे हसले, शेरिलसुद्धा. ग्रेडी हसला नाही.

"वैराला लग्न लागतं," ओपल मध्येच म्हणाली. "मी त्या माणसाच्या शेजारी त्रेसष्ट वर्षं झोपले. दर नोव्हेंबरला आठवडाभर बोलत नव्हते. ज्याच्यावाचून चालत नाही, त्यालाच हरवायची मजा."

"आई, हे भावनेचं काम नाही."

"मग कशाचं आहे रे?"

ग्रेडी बहिणीकडे वळला. "लू, तू सांग यांना. तुझ्या प्रयोगशाळेचं छत गळतं. मातीच्या नमुन्यांवर प्लास्टिक पांघरून बसतेस. अध्यक्षांनी तुला नव्या इमारतीचे नकाशे दाखवले की नाही? ती इमारत कुठून येणार आहे? लीगच्या पैशातून. आणि मी पाच वर्षं या लीगसाठी झिजलोय. हे फिसकटलं तर वसंतात माझ्या खुर्चीवर दुसरा कुणी असेल. हेही सांग."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. नकाशे सुंदर होते. दक्षिणेला मोठ्या खिडक्या होत्या. आणि ग्रेडी तिचा भाऊ होता. लहानपणी तिच्या मातीच्या बाटल्या शाळेपर्यंत उचलून नेणारा एकटा तोच.

"मी अजून काही ठरवलेलं नाही," ती म्हणाली.

"ठरलंय ते," ग्रेडी म्हणाला आणि अंड्याचा अर्धा भाग तोंडात टाकला. "काल अध्यक्षांचा फोन आला होता. मी सांगितलं, पाच-चार. निर्धास्त राहा."

ल्यूसिलने सुरी खाली ठेवली. "कुणाच्या भरवशावर?"

"तुझ्या. पाच महिने तू एक शब्द बोलली नाहीस. ज्याला विरोध करायचा असतो तो बोलतो. गप्प बसणं म्हणजे हो."

"बाबा!"

हाक मागून आली होती. ग्रेडीची एकोणीस वर्षांची मुलगी टेस बँडच्या हिरव्या गणवेशात, काखेत पिसांची टोपी घेऊन उभी होती. गेल्या वर्षी तिने हॅडनची जागा नाकारून मॅकरीत प्रवेश घेतला तेव्हा ग्रेडी तीन आठवडे तिच्याशी बोलला नव्हता. आज तिला जेवायला वीस मिनिटांची सुट्टी मिळाली होती.

"तुम्ही आत्याचं मत विकून टाकलंत?"

"विकलं नाही. अंदाज सांगितला. बैस, जेव. आणि बसायचंच असेल तर इकडे बैस, बापाजवळ."

"तिथे कुठे जागा आहे?" टेस म्हणाली.

खरोखरच जागा नव्हती. ल्यूसिलने पूर्वेकडे पाहिलं, लाल कोटांची ती दाटी. पश्चिमेला हिरवी माणसं ऐसपैस पसरली होती. डेलने तर ताटाशेजारी आपली टोपीही ठेवली होती. आता बोलायला हवं होतं.

"ग्रेडी," ती म्हणाली, "टेबल उलटं लागलंय."

"म्हणजे?"

"आजोबांच्या कढईचा डाग आईच्या ताटाखाली आहे. तुम्ही पासष्ट इंचांत बसलाय. एकोणऐंशी तिकडे आहेत."

डेल इतक्या जोरात हसला की शेजारच्या तंबूतली माणसं वळून पाहायला लागली. "तरीच! तरीच मी म्हटलं, आज मांडी कशी घालता येतेय!"

ग्रेडी ताडकन उठला. त्याचा चेहरा कोटाच्या रंगावर गेला. "उठा. सगळे उठा. टेबल फिरवा."

"अहो, एवढं वाढून झालंय," शेरिल म्हणाली. "असू दे ना एक दिवस."

"असू दे? चौदा इंचांचा फरक आहे! ती जागा आमची आहे! एकेक इंच मैदानावर मिळवलाय. ज्या वर्षी पावसात शेवटच्या मिनिटाला जिंकलो, तो इंच आहे यात. मी असा फुकट नाही सोडणार. माझ्या बापाने एका इंचाची कधी सवलत घेतली नाही आणि दिलीही नाही!"

"कशाला पण?" ल्यूसिलने विचारलं. तिचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. "दोन तासांचा प्रश्न आहे. सोमवारनंतर खेळच नाही. ज्या खेळात काही राहिलं नाही, त्याच्या इंचांचं काय करणार आहेस?"

"ते महत्त्वाचं नाही! ते आमचे..."

तो थांबला. हात हवेत तसाच राहिला. टेस टक लावून बापाकडे पाहत होती. तिने हसू दाबलं नव्हतं, पण ती हसतही नव्हती.

"फिरवा," ओपल म्हणाली. काठीवर भार देऊन ती उठली. "पोराचं बरोबर आहे. जिंकलेली जागा त्याची आहे. मला त्यांची भीक नको."

मग चौदा जणांनी टेबल धरलं. काही उचललं नाही, काही झाकलं नाही. पिकॅनच्या दाण्यांचा गोड पाई, शेंगांचं पातेलं, गोड चहाचा काचेचा पिंप, सगळं तसंच वर. डेल ओरडला, "माझ्या तालावर! एक, दोन!" आणि बारा फूट लांबीचं ते तराफ्याचं लाकूड जमिनीवरून उठलं. लाल पूर्वेहून निघाले, हिरवे पश्चिमेहून, एकाच दिशेने लहान पावलं टाकत गोल फिरले. "खेचरं लाथ मारतायत!" "नावाड्यांनो, बुडवू नका!" पिंपातला चहा हिंदकळून ग्रेडीच्या बाहीवर सांडला आणि त्याने हात सोडला नाही. ल्यूसिल मध्ये होती, फितीवर दोन्ही हात ठेवून. ती जवळजवळ जागच्या जागीच फिरली. सगळं तिच्याभोवती गेलं आणि टेबल खाली टेकलं. एक अंडं तेवढं गवतात पडलं.

मग लाल पुन्हा पूर्वेला आणि हिरवे पश्चिमेला आपापल्या खुर्च्यांकडे परतले; हिरवे आता लहान बाजूला आले. कुणी कुरकुर केली नाही. रेनीने खुर्ची तिरपी केली, डेलने टोपी डोक्यावर चढवली. टेस ताट घेऊन आली, बापाकडे एकदा पाहिलं, आणि आजीशेजारी एकाच खुर्चीवर अर्धी अर्धी बसली.

"पुरतं," ओपल म्हणाली. खांदे आवळले गेले होते, शाल एका बाजूने घसरली होती, पण मान ताठ होती. "पासष्ट इंच भरपूर होतात. वाढा. आणि संध्याकाळपर्यंत सहासष्ट होणारेत."

"स्वप्नं बघ, आई," ग्रेडी म्हणाला. तो बाही पिळत होता. पण आवाजात नेहमीचा जोर आला होता, जेवायला बसल्यापासून पहिल्यांदाच.

ल्यूसिल बसली नाही. तिने फितीजवळची दोन पातेली बाजूला सारली आणि चादर मागे दुमडली, हातभर रुंद. खाली खिळे होते. चौसष्ट पितळी खिळे, टेबलाच्या एका लांब कडेपासून दुसरीकडे निघालेले, कधी उजवीकडे झुकत, कधी डावीकडे. दरवर्षी ती फक्त शेवटचा पाहायची. सगळे एकत्र तिने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

"इकडे ये, ग्रेडी. हा बघ. एकोणीसशे चौऱ्याहत्तर." तिने बोट ठेवलं. "नावाडी ओळीने अकरा वर्षं जिंकले होते. नऊ नाही, अकरा. हॅडनच्या बाजूला एकसष्ट इंच उरले होते. तू दहा वर्षांचा होतास. कुठे बसायचास?"

ग्रेडी त्या खिळ्यावर वाकला. "बाबांच्या मांडीवर," तो म्हणाला. "खुर्चीला जागा नव्हती."

"बाबा काय म्हणायचे?"

"लू, तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय म्हणायचे?"

"'पुढच्या वर्षी बघतो.'"

"मॅकरीच्या कुणी तेव्हा म्हटलं नाही की हॅडनवाले तोडीस तोड राहिले नाहीत, खेळ बंद करा." तिचं बोट खिळ्या-खिळ्यावरून पुढे सरकत आलं. "चौसष्ट वर्षांत ही रेघ कुठून कुठे गेली, माहीत आहे? अठरा इंचांत फिरतेय. बारा फुटांच्या टेबलावर अठरा इंच. इतकी वर्षं दोन बाजूंनी जीव खाऊन ओढली तरी. मी आयुष्यभर आकडे पाहिलेत. एवढा चांगला आलेख माझ्या प्रयोगशाळेत एकदाही निघालेला नाही."

शेवटच्या खिळ्यापाशी ती थांबली. त्याच्यापुढे फळीची चार इंच रुंदी मोकळी होती.

"अजून आठ खिळ्यांची जागा आहे," ती म्हणाली.

"आणि मग?" टेसने विचारलं.

"मग दुसऱ्या फळ्या आणू."

ग्रेडी तिच्याजवळ सरकला. वय झालेलं त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसलं. "लू," तो हळू म्हणाला, फक्त तिला ऐकू जाईल इतकं. "माझी खुर्ची जाईल."

"मला माहीत आहे."

"तुझी इमारत जाईल."

"तेही."

"सेहेचाळीस वर्षं तू बाजू घेतली नाहीस. आजच घ्यायची होती?"

तिने पट्टी वहीत ठेवली आणि वही मिटली.

"मोजणाऱ्याने बाजू घ्यायची नसते, हे मी म्हणत आले. पण मोजून झालं की आकडा मोठ्याने सांगायचा असतो. ते मी कधी केलं नाही, म्हणून तू माझ्या वतीने सांगून बसलास. तो दोष माझा."

मैदानाकडून बँडच्या पहिल्या इशाऱ्याचा बिगुल वाजला. टेसने टोपी उचलली, पण ती जागची हलली नाही. कुणीच हललं नाही. पूर्वेला लाल, पश्चिमेला हिरवे, सगळे फितीकडे पाहत होते.

"अध्यक्षांना फोन कर," ल्यूसिल म्हणाली, आता प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात. "तू त्यांना पाच-चार सांगितलंस, ते आकडे बरोबर आहेत. फक्त उलटे लागलेत. सामना बंद करायच्या विरोधात पाच. पाचवी मी."